पडद्याखालच्या ओळी

२५ ऑगस्ट २०२४, अमरावती
सकाळच्या एसटीनं अकोल्याहून आलो. राजकमल, चित्रा, प्रभात. या शहरात पत्ता सांगायचा तर टॉकीजचं नाव घ्यावं लागतं. आम्ही कर्णबधिर मात्र सिनेमा मोबाईलवर बघतो, खाली ओळी असल्या तर.
बैठकीत केंद्राच्या १५ मार्चच्या मार्गदर्शक सूचना हातांनी समजावल्या. एकाहून जास्त भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या चित्रपटांनी सहा महिन्यांत कर्णबधिरांसाठी निदान एक सोय द्यायची. बाकीच्यांना दोन वर्षं. मराठी चित्रपट बहुतेक एकाच भाषेतले. आपला नंबर मार्च २०२६.
वेल्डर मित्रानं फोनवर टाइप केलं, "आपन मांगंच."

२ सप्टेंबर
पोळा. सगळे घुंगरांबद्दल बोलतात. मी झुली बघतो.

१० सप्टेंबर
डीटीपीची कामं संपल्यावर ओळींच्या मागणीचं निवेदन टाइप केलं. अपंग हक्क कायदा २०१६, कलम ४२. जानेवारी २०२३ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेशही घातला: 'पठाण'च्या निर्मात्यांना ओटीटीसाठी हिंदी कॅप्शन करायला लावल्या होत्या.
मालक मागं उभे राहून वाचत होते. कागदावर लिहिलं, "लय लांबलं. साहेब एवढं वाचत नाईत." एक पान केलं.

१५ सप्टेंबर
बहुभाषी चित्रपटांचे सहा महिने आज भरले.

२० सप्टेंबर
सिनेमा दिन. देशभर तिकीट ९९ रुपये. सगळे गेलो. मराठी चित्रपट. खाली ओळी होत्या की! इंग्रजीत. अमराठी प्रेक्षकांसाठी असाव्यात. आमच्यात इंग्रजी वाचणारे दोघंच. लोक हसले की रांग हलायची, तेवढं कळायचं.
मॅनेजर भला माणूस. लिहून दिलं: पिक्चर कुलूपबंद फाइलमध्ये येतो, ओळी त्यातच पाहिजेत, इथं घालता येत नाहीत. म्हणजे लिहायचं मुंबईला.

२३ सप्टेंबर
सांकेतिक भाषा दिन. कचेरीत निवेदन दिलं. दुभाषी म्हणून मित्राची मुलगी, सातवीतली, शाळा बुडवून. तिला खुणा आणि बोलणं, दोन्ही येतं. साहेबांनी तिलाच विचारलं, तुला काय पाहिजे? आवकचा शिक्का मिळाला. पोरीला रसवंतीवर नेलं.

२९ सप्टेंबर, अमरावती
वाद. वेल्डर म्हणतो, ओळी आल्या तरी मला पुरत नाहीत, वाचेपर्यंत पुढची येते. शाळेत बोलायला आणि ओठ वाचायला शिकवण्यात वर्षं गेली, वाचन राहिलं. कोपऱ्यात खुणा करणारा माणूस दाखवा. बऱ्याच जणांनी माना हलवल्या.
मी म्हटलं, बघत बघतच वाचन येतं. आयआयएम अहमदाबादमध्ये प्राध्यापक राहिलेले ब्रिज कोठारी १९९६ पासून हेच सांगतायत, गाण्यांखाली त्याच भाषेत ओळी टाका म्हणून.
तो म्हणाला, तुझे कान सहाव्या वर्षी गेले. तोवर मराठी आत बसली होती. माझ्याकडे कधी आलीच नाही.
परतीच्या गाडीत झोप नाही.

३ ऑक्टोबर
मराठीला अभिजात दर्जा. अभिनंदनाचे फलक रात्री दहापर्यंत टाइप केले.

६ ऑक्टोबर
फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', १९१३. मूकपट. उरलेल्या रिळांवरच्या पाट्या हिंदी आणि इंग्रजी. त्यांच्या जागी मी मराठी पाट्या बसवल्या, वेल्डरच्या टीव्हीवर लावल्या. वाचून झालं की हात वर करायचा. तीन सेकंदांत माझा एकट्याचा. वाक्यं तोडली, पाटी सहा सेकंद ठेवली. वेल्डरचाही आला. मग लक्षच गेलं पाट्यांवरून, कारण तारामती पुरुष आहे हे त्याला कळलं. नटाचं नाव साळुंके. पुन्हा पुन्हा लावायला लावलं.
फाळक्यांच्या काळी प्रेक्षागृहात आम्हीही इतरांसारखेच बसलो असतो. १९३१ ला 'आलम आरा' आला आणि पडदा बोलायला लागला. लोक टाळ्या वाजवत असतील.

१५ ऑक्टोबर
निवडणूक जाहीर. आचारसंहिता. निवेदन आता कोण काढतो.

१९ ऑक्टोबर
मुंबईच्या निर्मात्यांसाठी पत्र. ओळी मराठीत. अक्षर मोठं. एका वेळी दोनच ओळी, वाचून होईपर्यंत ठेवा. कोपऱ्यात खुणांची चौकट. ती वेल्डरची, पण सगळ्यांच्या सहीनं. गाण्यालाही ओळी द्या, नुसतं 'संगीत' लिहून सुटू नका. दाराची कडी, फोन, पाऊस, हेही लिहा.
मालकांनी वाचलं. पेन घेतलं. "पाऊस कायले लिवाचा? दिसते ना."
मी खाली लिहिलं, "घरातल्या शीनमंधी कसा दिसन?"