क्वाधिकार!

क्वाधिकार! हा शब्द मला आजवर कुणीच कसा सांगितला नाही? शाळेत नागरिकशास्त्र झालं, स्पर्धा परीक्षांची गाईडं पालथी घातली, सगळीकडे आपलं 'को वॉरंटो'. आणि इथे संविधानाच्या मराठी पाठात, अनुच्छेद ३२ मध्ये, देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध आणि प्राकर्षण या न्यायालयीन आदेशांच्या पंगतीत हा गडी निवांत बसलेला! सार्वजनिक पदावर बसलेल्या माणसाला न्यायालय विचारतं, बाबा रे, तू कोणत्या अधिकाराने इथे? लॅटिनमध्ये 'को', संस्कृतात 'क्व' म्हणजे कुठे. क्व अधिकार? अधिकार कुठाय तुझा? अर्थ आला तो आलाच, वर आवाजही आला! हिंदीत 'अधिकार-पृच्छा' आहे. बरोबर आहे, पण गंमत गेली. ज्या कुणाला हे सुचलं त्याने त्या दिवशी अख्ख्या कचेरीला चहा पाजला असणार.

कायद्याच्या मराठी शब्दांचं हे वेड मला लागलं शेलूत. कर्जत लोकलने वांगणी सोडलं की ठाणे जिल्हा संपतो आणि रायगडातलं पहिलं स्टेशन येतं ते शेलू. भाताची खाचरं होती तिथे आता इमारती उभ्या राहतायत. इमारती आल्या की सोसायट्या आल्या, सोसायटी आली की कुणाला तरी सेक्रेटरी करतात. मला केलं. आणि माझ्यापुढे कागद आला: मानीव अभिहस्तांतरण.

इमारतीखालची जमीन विकासकाने ठरल्या मुदतीत सोसायटीच्या नावे करून दिली नाही, तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा आणि त्याच्या आदेशाने ती एकतर्फी नावावर करून घ्यायची. इंग्रजीत 'डीम्ड कन्व्हेअन्स'. 'डीम्ड' ही कायद्याची खास करामत. जे घडलं नाही ते घडलं असं धरून चालायचं. त्याला मराठी काय? मानीव! कोरीव, रेखीव, घोटीव, तसं मानीव. संस्कृतच्या दारात न जाता घरातल्याच प्रत्ययाने केलेला अस्सल शब्द, आणि त्याच्या गळ्यात 'अभिहस्तांतरण' हे सात अक्षरांचं लोढणं!

गावातल्या एका काकांना विचारलं, "काका, अभिहस्तांतरण म्हणजे काय हो?"

"ते काय मला म्हाईत नाय, मॅडम. साठेखत झालं का, खरेदीखत झालं का, फेरफार पडला का, इतर हक्कात कुणाचा बोजा हाय का, येवढं बघा."

मी बघतच राहिले. काकांना येतं ते सगळं कायद्याचंच मराठी, पण बरंचसं फारसी-अरबीच्या वाटेने आलेलं. दावा, तहकूब, जप्ती, कुलमुखत्यार, वकील. हे शब्द लोकांच्या तोंडी इतके बसलेत की ते बाहेरून आले हे कुणाला आठवतही नाही.

आणि ते हुसकावण्याचा पहिला मोठा उद्योग आमच्याच जिल्ह्यात झाला! रायगडावर १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्याच सुमारास महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला. दरबारातल्या जवळपास चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत पर्याय. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत. पुढे काय झालं? अमात्य आणि सुमंत आपण इतिहासात शिकतो, पण मुख्य प्रधानाला सगळा मुलूख पेशवाच म्हणत राहिला.

तीनशे वर्षांनी तोच खेळ पुन्हा, फक्त समोर इंग्रजी. महाराष्ट्र झाल्यावर दोनच महिन्यांत, ६ जुलै १९६० रोजी, भाषा संचालनालय स्थापन झालं. पदनाम कोश निघाला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून झोडपलं. मग शासन व्यवहार कोश आला, न्याय व्यवहार कोश आला. न्यायप्रविष्ट, पदसिद्ध, गणपूर्ती हे शब्द आज बातम्यांत सर्रास येतात. 'प्राकर्षण' मात्र मी एकाही वकिलाच्या तोंडून ऐकलेलं नाही. माझं मत विचाराल तर 'स्टेटस को'ला 'जैसे थे' म्हणणाऱ्याला पहिलं बक्षीस. स्वीडनने १८०९ मध्ये ओम्बुड्समन हे पद निर्माण केलं, इंग्रजीने तो शब्द जसाच्या तसा उचलला. आपण १९७१ च्या अधिनियमात 'लोक आयुक्त' म्हटलं आणि मोकळे झालो.

शब्द तर झालेच, वाक्यांची मजा त्याहून मोठी! इंग्रजी करारात 'व्हेअरअॅज'ने सुरुवात होते आणि पुढे पानभर श्वास कोंडतो. मराठीत 'ज्याअर्थी' म्हटलं की 'त्याअर्थी' येणार हे कानाला आधीच ठाऊक असतं. जो-तो, जेव्हा-तेव्हा आपण आजीच्या गोष्टींपासून ऐकतोय. आणि 'शॅल' आणि 'मे'? मराठीत तो सगळा झगडा क्रियापदाच्या शेपटीत. 'बोलावील' म्हणजे बोलवावंच लागेल. 'बोलावता येईल' म्हणजे त्याची मर्जी.

आता खरा धक्का. आपल्या विधानमंडळात विधेयक मंजूर होतं ते मराठीत. (मसुदा करणाऱ्याच्या डोक्यात तो आधी कोणत्या भाषेत येतो, तो भाग वेगळा.) मग राजपत्रात राज्यपालांच्या प्राधिकाराने इंग्रजी छापतात आणि त्याच्या डोक्यावर स्पष्ट लिहितात की हा अनुवाद आहे. म्हणजे मूळ आपलं, भाषांतर इंग्रजी! पण अनुच्छेद ३४८ असं सांगतो की प्राधिकृत पाठ धरायचा तो त्या इंग्रजी अनुवादाचा. मूळ कागदाने भाषांतरापुढे मान तुकवायची! १९९८ च्या अधिसूचनेने तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी झाली, उच्च न्यायालयात मात्र इंग्रजीच.

हे सगळं वाचायला काळा कोट लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. संविधानाचा मराठी पाठ, शासनाचे कोश, राज्याचे अधिनियम, सगळं इंटरनेटवर फुकट आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेआधी ग्रामपंचायत अधिनियम मराठीतून मोबाइलवर उतरवून घ्या, कलमात 'बोलावील' आहे की 'बोलावता येईल' ते बघा, आणि मगच सरपंचांशी बोला.