रुईला उचलताना

भिवंडीत कोणी ससा पाळला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कब काटने का है?" ससा हलाल आहे, तेव्हा विचारणाऱ्याचे काही चुकत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचींनी हा प्रश्न जानेवारी 2020 मध्ये विचारला आणि पुढे वर्षभर विचारत राहिल्या. कोंबड्या, कबुतरे, ईदच्या आधी दाराशी बांधलेला बकरा, हे सारे आपल्या मोहल्ल्याच्या ओळखीचे. पण तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत निव्वळ पाळायला ससा, हे चाचींच्या हिशोबात बसत नव्हते.

मुलीने तिचे नाव ठेवले रुई. मराठीत रुई म्हणजे रस्त्याकडेला उगवणारे चिकाचे झुडूप, उर्दूत रूई म्हणजे कापूस. यंत्रमागांच्या या गावात कापसाचे तंतू खिडकीच्या जाळीवर, केसांत, चहाच्या पेल्यातही सापडतात. त्यामुळे इथे उर्दू अर्थच खरा धरावा. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. एका शब्दाचे दोन अर्थ सापडले की आम्हाला राहवत नाही, हा आमच्या धंद्याचा दोष आहे. सशाला उर्दूत खरगोश म्हणतात, तेही फारसीतून आलेले. खर म्हणजे गाढव, गोश म्हणजे कान. गाढवाच्या कानाचा! वर्गात हे सांगितले की पोरे बाके वाजवून हसतात.

पण या कानांनीच आम्हाला कामाला लावले. विकणाऱ्याने रुईला पिंजऱ्यातून बाहेर काढले ते कान धरून. मूठ असलेले भांडे उचलावे तसे. सशाचे कान ही मूठ नव्हे. त्यांत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. सशाला घाम जवळजवळ येतच नाही, अंगातली उष्णता तो या कानांवाटे बाहेर टाकतो. त्या दिवसापासून माणसाचा हात दिसला की रुई पलंगाखाली. मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिला ससा हवा होता तो गोदीत घ्यायला. पलंगाखाली बसलेला ससा काय कामाचा? "ये मेरे पास क्यों नहीं आती?" असे ती रोज विचारी आणि कधी कधी रडतही असे.

आभाळ पडले म्हणून पळत सुटलेल्या सशाची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो आहोत. सशाला भित्रा ठरवले की गोष्ट संपते. पण सशाला वरून येऊन उचलणारे असते तरी कोण? घार, गरुड, नाहीतर कोल्हा. पाय जमिनीवरून सुटले की पुढे काय होते हे त्याच्या रक्तात लिहिलेले आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून मागून येणारेही त्याला दिसते. दिसत नाही ते नेमके नाकासमोरचे आणि हनुवटीखालचे. म्हणजे आपण लाडाने पुढे केलेला हात त्याच्या दृष्टीने एकाएकी कुठून तरी उगवतो. आणि घाबरून त्याने लाथ झाडली तर धोका त्यालाच. सशाच्या मागच्या पायांत विलक्षण जोर असतो, हाडे मात्र हलकी. सगळा सांगाडा त्याच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के. अधांतरी झाडलेल्या एका लाथेने त्याचाच कणा मोडू शकतो.

बी.एड.ला आम्ही पावलॉव्हचा कुत्रा आणि थॉर्नडाइकची मांजर घोकली होती. वर्गात त्यांचा उपयोग किती झाला ते विचारू नये. पण त्याच पुस्तकांच्या आसपास मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंचा एक प्रयोग वाचलेला आठवला. 1924 मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. पीटर नावाचा तीनेक वर्षांचा मुलगा पांढऱ्या सशाला घाबरे. सशालाच काय, कापसालाही! जोन्सबाईंनी त्याला समजावले नाही, दटावले नाही. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, पुढे हळूहळू जवळ आणला. मध्ये पीटर आजारी पडला, एका मोठ्या कुत्र्याने त्याला घाबरवले आणि भीती पुन्हा आली. बाईंनी पुन्हा सुरुवात केली. शेवटी तो सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला. आम्ही हाच प्रयोग उलटा करायचे ठरवले. आमच्याकडे घाबरणारा ससा होता आणि भीती माणसाच्या पोराची होती.

वेळ मिळाला तो टाळेबंदीमुळे. मार्च 2020 च्या अखेरीस शाळा बंद, माग बंद. भिवंडीत रात्रंदिवस चालणारी ती खटखट थांबली तेव्हा अम्मींना झोप येईना. मजूर नाशिकच्या रस्त्याने चालत निघाले होते. मेच्या सुरुवातीला भिवंडीरोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली, तिच्यात आमच्या गल्लीतलेही काही होते. बाहेर असे दिवस, आणि घरात आम्ही बापडे फरशीवर बसून सशाची वाट पाहत होतो. चाची जिन्यातून वाकून बघत आणि कपाळाला हात लावत.

पहिले दोन आठवडे नुसते बसणे. उभ्या माणसाची सावलीही सशाला घारीसारखी वाटत असावी. बसल्यावर पलंगाच्या पायावर बोटाने दोन टिचक्या मारायच्या आणि मुठीत कोथिंबिरीची काडी धरायची. गाजर नाही. चित्रांतला ससा गाजरावर जगत असेल, खऱ्या सशाला ते मिठाईसारखे, कधीतरी आणि थोडे. त्याचे खरे अन्न गवत. रुई बाहेर आली तरी हात लावायचा नाही, हे मुलीला सर्वांत अवघड गेले. मग बाजूने हात नेऊन दोन डोळ्यांच्या मधे कपाळावर एक बोट. तिथे कुरवाळलेले तिला आवडले. खूश झाली की ती दात अगदी हलके घासते. कान जवळ नेला तरच ऐकू येते.

त्यानंतरचे काम इंचाइंचाचे. एक हात छातीखाली, पुढच्या पायांच्या मागे, पण उचलायचे नाही. काडी द्यायची, हात काढायचा. पुढे दुसरा हात पुठ्ठ्याखाली. पुढे एक बोटभर वर, लगेच खाली. खाली ठेवतानाही हातातून सोडायचे नाही, मागचे पाय आधी टेकवायचे आणि अंग सैल पडले की मगच हात काढायचा. धडपडत असताना सोडले तर धडपडण्याचाच धडा ती शिकते. हा थॉर्नडाइक, बरे का! छातीशी धरल्यावर चारही पायांना आधार हवा, आणि कोपराच्या बेचक्यात नाक खुपसायला जागा. काही लोक सशाला उताणा करतात आणि तो निपचित पडला की झोपला म्हणून कौतुक करतात. ती झोप नव्हे, शिकाऱ्याच्या तोंडात सापडल्यावर मेल्याचे सोंग घेणे असते. भाचेमंडळींनी हा खेळ सुरू केला तेव्हा आम्ही तो कडकपणे बंद पाडला.

माग पुन्हा सुरू झाले तेव्हा रुईने मागचा पाय फरशीवर आपटून सगळ्या घराला धोक्याचा इशारा दिला आणि तीन दिवस पलंगाखाली काढले. पीटरच्या कुत्र्यासारखेच. आम्ही कोथिंबिरीची जुडी घेऊन पुन्हा फरशीवर बसलो.

पुढे शाळा नीट सुरू झाल्यावर वर्गात एक मुलगा आला. वही बघायला आम्ही बाकाशी गेलो की त्याचा कोपर आपोआप तोंडासमोर येई. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतली मारहाण 2010 पासूनच बंद केली, पण कोपराला कायदा कुठे वाचता येतो? त्याला कुठे मार बसला होता ते त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. आम्ही त्याच्या शेजारच्या बाकावर बसून वही तपासू लागलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो कोपर बाकावर राहू लागला.

रुईला कडेवर घेऊन मिरवणे मात्र कधी जमले नाही. तिला ते आवडत नाही आणि आता तिच्याकडून तशी अपेक्षाही नाही. नखे कापणे, डॉक्टरकडे नेणे, एवढ्यापुरते ती उचलू देते. मुलीला हे कमी वाटे. "इतनी मेहनत इतने से के लिए?"

22 जुलै 2021, बकरी ईदचा दुसरा दिवस. रात्रभर पाऊस कोसळत होता. कामवारी नदी भरून वस्त्यांत पाणी शिरले आणि आमच्याकडे ते आधी मोरीतून उलटे वर आले. वीज गेलेली. आम्ही अम्मींना दोन्ही बाजूंनी धरून जिना चढवत होतो, एकेक पायरी, त्यांचे गुडघे असे. खाली अंधारात मुलगी आणि पलंगाखाली विटांवर ठेवलेल्या खोक्यात रुई. आम्ही वरून हाका मारत होतो, लवकर धर तिला, लवकर. मुलगी बोलली नाही. घोट्याच्या वर पाणी होते, त्यात ती खाली बसली आणि पलंगाच्या पायावर दोन टिचक्या मारल्या. मग थांबली. आम्हाला ते थांबणे फार लांबले असे वाटले. रुई खोक्याच्या कडेशी आली. एक हात छातीखाली, एक पुठ्ठ्याखाली. वर आली तेव्हा मुलगी कमरेपर्यंत भिजलेली आणि रुईचे फक्त पंजे ओले होते.

चाचींनी दार उघडे ठेवले होते. उभ्या उभ्याच त्यांनी हात पुढे केले, "ला, मुझे दे." रुईने नाक आणखी खोल कोपरात खुपसले.

"चाची, खडे खडे नहीं. पहले नीचे बैठो."

चाची भिंतीला धरून हळूहळू फरशीवर बसल्या. मुलीने रुईला थोड्या अंतरावर ठेवले. बऱ्याच वेळाने ती पुढे आली, चाचींच्या ओढणीचे टोक हुंगले आणि परत फिरली. त्या दिवशी एवढेच झाले. चाचींना तिला उचलून घ्यायला डिसेंबर उजाडला.