ट्रेलरच्या पोटातले पाणी

फीनिक्सहून निघालो तेव्हा ऑक्टोबर असूनही घाम येत होता. तीन तासांनी फ्लॅगस्टाफला उतरलो आणि स्वेटर शोधू लागलो. फीनिक्स समुद्रसपाटीपासून ११०० फुटांवर, तर फ्लॅगस्टाफ ७००० फुटांवर. कॅक्टसचे वाळवंट मागे पडते आणि पाँडेरोसा पाइनचे जंगल सुरू होते. ॲरिझोना म्हणजे नुसती वाळू, हा समज इथेच संपतो.

आम्ही म्हणजे आम्ही नवरा-बायको, दोन मुले आणि अब्बा. अब्बा रत्नागिरीचे. सारी हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली. अम्मींच्या इंतकालनंतर आम्ही त्यांना इकडे आणले, त्याला दीड वर्ष झाले होते. घरात कशाची कमी नव्हती, पण अब्बा बोलेनासे झाले होते. प्रवासात मोकळे होतील म्हणून आम्ही एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअप गाडीच्या मागे जोडून न्यायचे छोटे घर. आत बिछाने, शेगडी, बेसिन, संडास. खाली टाक्या : एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची, एक संडासाची. टाक्या, पाइप आणि थंडी अडवणारे ग्लासवूल या सगळ्यांच्या खालून काळ्या प्लास्टिकचे आवरण असते. आपल्याकडे जाहिरातीच्या पाट्यांना सनपॅक वापरतात, तसलेच. ते लोखंडी चौकटीला स्क्रूने मारलेले असते.

फ्लॅगस्टाफला रात्री पारा शून्याखाली गेला. सकाळी अब्बा म्हणाले, “नळ बंद असताना पंप मधूनच घरघरतो. पाणी कुठेतरी जातंय.” आम्ही म्हणालो, “जुना आहे, अब्बा. चालायचंच.” ते गप्प बसले.

पुढे ८९ नंबरचा हायवे उतरत जातो. झाडे संपतात आणि लाल, राखाडी, जांभळट मातीचे डोंगर सुरू होतात. हा नवाहो लोकांचा मुलूख. सुमारे ८० किलोमीटरवर कॅमेरून लागते. इथे लिटल कोलोराडो नदीवर १९११ साली बांधलेला झुलता पूल आहे. तो पाहायला थांबायचेच होते, पण त्याआधीच मागून फडफड ऐकू येऊ लागली. उतरून वाकून पाहिले, तर ट्रेलरचे पोट भरलेल्या मशकीसारखे लोंबत होते. कडेचे सात-आठ स्क्रू प्लास्टिक फाडून निघाले होते.

आम्ही चिकटपट्टी आणि पट्टे काढले. वर ओढून बांधायचे आणि पुढे निघायचे, एवढेच डोक्यात होते. अब्बांनी हात धरला. “आधी पाणी काढा. एक लिटर म्हणजे एक किलो. एवढं वजन चिकटपट्टी पेलेल का?”

त्यांनी पंप बंद करायला लावला, चष्मा आणि हातमोजे मागितले. सर्वांत खोल जागी बारीक छिद्र पाडले आणि आधी वास घेतला. पाणी पाक की नापाक, हे कळणे गरजेचे होते. संडासाची टाकी फुटली असती तर काम वेगळेच झाले असते. पाणी स्वच्छ होते. दोन बादल्या भरून वर सांडले. मग पट्टे बांधून आम्ही हळूहळू पेज गावाकडे निघालो.

उन्हाळी वेळ ॲरिझोना पाळत नाही, पण नवाहो मुलूख पाळतो. त्यामुळे कॅमेरूनला तासभर पुढे गेलेले घड्याळ पेजला पुन्हा मागे आले आणि हार्डवेअरचे दुकान उघडे सापडले.

दुसऱ्या दिवशी कॅम्पग्राउंडच्या सपाट जागेवर अब्बांनी काम हाती घेतले. ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवून चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले. “नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही,” ही एस.टी.ची शिस्त मुलांनाही ऐकवली. आवरण तीन बाजूंनी मोकळे केले. भिजलेले ग्लासवूल काढून टाकले. ते आत दडपलेले सुकत नाही. वर पाहिले तर पाइपच्या प्लास्टिक एल्बोला केसाएवढी चीर. नवा एल्बो बसवला, पंप चालू केला, खाली कोरडे वर्तमानपत्र पसरले आणि तासभर वाट पाहिली. कागद कोरडाच राहिला, तेव्हाच अब्बांनी आवरण बंद करायला घेतले.

जुनी छिद्रे रुंदावली होती, म्हणून जाड स्क्रूंना मोठे वॉशर घातले. मध्ये आधाराला एका चौकटीपासून दुसरीपर्यंत ॲल्युमिनियमच्या तीन पट्ट्या आडव्या मारल्या. स्क्रू फक्त लोखंडात, आखूडच. लांब स्क्रू टाकीत घुसला तर नवे दुखणे. उंदीर शिरू नयेत म्हणून फटींत फोम भरला.

स्क्रू हातात देताना आम्ही म्हणालो, “अब्बा, पंपाचं तुम्ही सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही.”

खालून आवाज आला, “बेटा, आणखी एक सांगू? मला घरी जायचंय. इथे तुम्ही सगळं देता, पण तिथे माझी माणसं आहेत, तुझ्या अम्मीची कबर आहे.”

दीड वर्ष आम्ही त्यांच्यासाठी नव्या नव्या गोष्टी आणत होतो. तुम्हाला काय हवंय, हे मात्र विचारले नव्हते. त्या संध्याकाळी पॉवेल सरोवराच्या काठावर बसून डिसेंबरचे तिकीट काढले. लाल खडकांवर पूर्वीच्या पाण्याची पांढरी रेघ दिसत होती. अब्बा मुलांना वर्कशॉपच्या गोष्टी सांगत होते. कितीतरी दिवसांनी हसत होते.

कॅमेरूनला पाडलेले छिद्र आम्ही बुजवणार होतो. अब्बांनी ते राहू दिले. “गळती झाली तर थेंब पडेल, लगेच कळेल. पोटात साठता कामा नये.”

परतताना कॅमेरूनला थांबलो. झुलता पूल या वेळी निवांत पाहिला. मग वाकून छिद्रावरून बोट फिरवले. कोरडे होते.