टनाचा काटा, रेणूचा काटा

रात्रीचे साडेअकरा. आज उसाच्या रसाचा नमुना मास स्पेक्ट्रोमीटरवर लावला. पडद्यावर ३६५ पाशी टोकदार शिखर उभं राहिलं. सुक्रोजचा रेणू ३४२ चा, सोडियमचे २३ अंगाला चिकटवून आलेला. गावाकडचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

आम्ही प्रवरेकाठचे. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून घरात वजन म्हणजे काट्यावरची उसाची गाडी. वडील टनात मोजायचे, मी रेणू तोलतो. रेणूला आधी विद्युतभार द्यायचा, मगच तो काट्यावर चढतो. जॉन फेन यांनी द्रवाच्या बारीक फवाऱ्यातून मोठमोठ्या रेणूंना हे साधून दिलं. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

पण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दोघंही १८० चे! क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून ते मागेपुढे बाहेर पडले, तरच वेगळे कळतात. मेटाबोलोमिक्समधली, म्हणजे सजीवांतले छोटे रेणू अभ्यासण्यातली, माझी निम्मी वर्षं अशी ओळख पटवण्यातच गेली. आजच्या नमुन्यातलीही कितीतरी शिखरं बिननावाची राहिली.

वडील काट्याची पावती खिशात घालायचे, तरी कांडं दातानं सोलून चाखायचेच. त्यांचं बरोबर होतं. वजन कळलं म्हणजे वस्तू कळली, असं नाही.