वेंगुर्ल्याला गेलात तर वाचनालयही पाहा

मालवणहून परुळे-म्हापणमार्गे दक्षिणेला निघालात की माडांच्या बागा मागे टाकीत तुम्ही वेंगुर्ल्यात पोचता. काजूच्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या जाती देणारे फळ संशोधन केंद्र इथलेच. तिथे सल्ला विचारायला जाल, त्याच फेरीत नगर वाचनालयातही जाऊन या. ही संस्था १८७१ सालची. शेजारच्या सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर तर १८५२ सालचे!

आपल्या किनाऱ्यावर इतकी वर्षे पुस्तके टिकवणे सोपे नाही. चार महिने पाऊस. ओल धरली की पानांना बुरशी येते, कसर लागते. वाळवी तर कपाटही सोडत नाही. म्हणून कपाटे भिंतीपासून वीतभर दूर ठेवायची, उघडीप मिळाली की वारा द्यायचा, पुस्तके झटकून पुसायची. बियाणे जपावे तशीच ही निगा.

पण बियाणे कणगीत राहून पीक येत नाही. पुस्तकही घरोघर फिरले पाहिजे. १९६७ च्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार सरकारी अनुदान मिळते, आणि वर्ग ठरवताना पुस्तकांबरोबर सभासदांची संख्याही पाहतात. म्हणजे तुमचे एक नावही मोलाचे.

तेव्हा पुढच्या बाजाराला मुलांना बरोबर न्या, जवळच्या वाचनालयाचे सभासद व्हा. शेतीचे हवे ते पुस्तक तिथे नसेल, तर ग्रंथपालांकडे मागणी नोंदवा. मागितल्यावाचून ते कपाटात येणार कसे?