ओल्या रानात तहानलेला ऊस



कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यात पाणी सुटलेले दिसते. ते पाणी कोणी ओतलेले नसते, ते फोडींच्या आतले असते. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लागले की तिलाही पाणी सुटते. उलट मनुका रात्री साध्या पाण्यात टाकल्या की सकाळी टम्म फुगतात. आमच्या मायबहिणींना हे रोजचे आहे, पण या तीन गोष्टींत उसाच्या मुळाची सगळी कथा आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

मुळाच्या आतल्या पेशींवर एक पातळ पडदा असतो. त्यातून पाणी सहज जाते, पण पाण्यात विरघळलेले क्षार सहज जात नाहीत. अशा पडद्याच्या दोन बाजूंना दोन द्रावणे असली की पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे चालू लागते. मुळाच्या आतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी मुळात शिरते. मातीतलेच पाणी खारट होऊन दाट झाले, की मुळाला ते ओढता येत नाही. रान ओले दिसते आणि पीक तहानेने सुकते.

यात आणखी एक गंमत आहे. पाण्याची ही ओढ, म्हणजेच परासरण दाब, विरघळलेला पदार्थ कोणता यावर नव्हे, तर त्याचे कण किती यावर अवलंबून असतो. हॉलंडचे शास्त्रज्ञ व्हॅन्ट हॉफ यांनी हा हिशेब १८८० च्या दशकात मांडला, तोही फेफर नावाच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने आधी घेतलेल्या मोजमापांवरून. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले. हिशेब असा: ३४२ ग्रॅम साखरेत जेवढे कण, तेवढे फक्त ६० ग्रॅम युरियात असतात. मीठ तर पाण्यात पडताच दोन-दोन तुकड्यांत फुटते, म्हणून ५८ ग्रॅम मीठ जवळजवळ दुप्पट काम करते. वजनाने थोडे, पण पाणी अडवायला जबर.

म्हणून कोवळ्या रोपाच्या खोडाशी, कोरड्या मातीत, युरियाची मूठ टाकू नका. पाने करपली की आपण म्हणतो, 'खत उष्ण पडले.' खताला ऊन-ताप काही नसतो. मुळाभोवतीचे पाणी दाट झाले आणि रोपाचे पाणी बाहेर ओढले गेले, एवढेच घडते. युरियापासून निघणाऱ्या अमोनियाचा त्रास असतो तो वेगळाच. खत खोडापासून लांब, ओलीत आणि मातीआड द्यावे. फवारणीलाही कृषी विभाग २ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया सांगतो. चमचाभर जास्त घातला तर पीक जास्त हिरवे होईल हा समज सोडा.

गुऱ्हाळावरही हेच शास्त्र चालते. विरघळलेले कण पाण्याला वाफ होऊन निसटू देत नाहीत, म्हणून गोड द्रावण १०० अंशांवर उकळत नाही, त्याहून जास्त ताप मागते. रस आटेल तशी साखर दाट होते आणि काहिलीचा ताप चढतो. काकवी १०५ अंशांच्या आसपास आणि गूळ ११८ अंशांच्या आसपास उतरवतात. जुना गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी पाहतो, तोही हाच दाटपणा बोटांनी मोजत असतो. (मीठ घातल्याने आमटीचे पाणी लवकर उकळते, असे पुष्कळ घरी मानतात. लिटरभर पाण्यात ५८ ग्रॅम मीठ घातले तर ते उलट एखादा अंश उशिरा उकळेल. चवीपुरत्या मिठाने काहीच फरक पडत नाही.)

आता मूळ दुखण्याकडे येतो. काळ्या जमिनीत निचरा कमी, पाटाचे पाणी भरपूर, ऊस वर्षानुवर्षे तोच. जमिनीखालचे पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मात्र वरच राहतात. हे दुखणे नवे नाही. नीरा खोऱ्यात कालव्याखालच्या जमिनी खारावल्या तेव्हा पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१० च्या सुमारास त्यांचा अभ्यास केला होता.

शिरोळ तालुक्यातले एक गृहस्थ मला म्हणाले, "सायेब, पाणी कमी पडतंय म्हणून चार दिसाआड पाजतोय, तरी ऊस पिवळा पडतोय." वाफ्यांच्या काठावर पांढरा पापुद्रा चढला होता. जिप्समसाठी दुभती म्हैस विकायचे त्यांनी ठरवले होते. मी म्हटले, म्हैस राहू द्या, आधी माती तपासू. सामू ८.१ आला, क्षारता भरपूर, पण सोडियमचे प्रमाण कमी. ही क्षारपड जमीन, चोपण नव्हे. सामू ८.५ च्या वर जातो, सोडियम मातीला चिकटून बसतो, पाणी मुरत नाही, ती चोपण. तिथे जिप्सम लागतेच. क्षारपडीत जिप्सम म्हणजे खारट पाण्यात आणखी एक क्षार. तिथे चर किंवा सच्छिद्र पाइपाने निचरा काढायचा आणि गोड्या पाण्याने क्षार खाली धुऊन न्यायचे. निचरा नसताना नुसते पाणी पाजत राहिलात, तर क्षार आणखी वर आणाल. हे दोन रोग ओळखल्याशिवाय औषध घेऊ नका. माती तपासणीचा खर्च म्हशीपुढे काहीच नाही.

हे सगळे त्यांच्या घरच्या बाई चुलीजवळून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी आमच्या रानाचं लोणचं झालंय की!" इतके नेमके मला कधी सांगता आले नव्हते.

अडचण पुढेच होती. ओढ्याला जाणारा पाइप भावकीच्या रानातून न्यावा लागणार होता आणि त्या घराशी सहा वर्षे बोलणे बंद होते. शास्त्र सांगायला मला अर्धा तास लागला, पण तो पाइप पलीकडे जायला दीड वर्ष गेले. शेवटी त्या बाईच जावेकडे गेल्या. काय बोलल्या ते मी विचारले नाही. चुलतभावाच्या रानालाही पांढरे फुटू लागले होते, तेव्हा त्यांचाही पाइप त्याच चरात पडला.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा वरच्या निम्म्या रानात ऊस हिरवा होता. खालचा कोपरा अजून पांढराच आहे. तिथे त्यांनी सध्या धैंचा पेरला आहे.