वजन उतरलं, चरबी उतरली का?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जानेवारी २००४मध्ये दोन डॉक्टरांचं छायाचित्र छापून आलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. पण चरबी मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, हे त्यातलं एक कारण. मात्र फरकाची मुळं त्याहून खोल आहेत. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात याज्ञिकांच्या गटाला दिसलं, की आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची असतात आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांमध्ये स्नायू बरेच कमी असतात, त्वचेखालची चरबी मात्र जवळपास टिकून असते. ‘हडकुळं पण चरबीयुक्त बाळ’ ही कल्पना पुण्यातून जगभर गेली ती अशी.

पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मला हा अभ्यास रोज आठवतो. समोर बसलेली व्यक्ती म्हणते, “मॅडम, दहा किलो उतरवायचेत, किती कॅलरी खाऊ?” ज्याच्याकडे स्नायू मुळातच बेताचे आहेत, त्याचे दहापैकी चार किलो स्नायूंतून गेले तर काटा खूश होईल, शरीर नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायूच. मधुमेह ज्या घरात आजोबांपासून चालत आला आहे, तिथे स्नायू गमावणं फार महागात पडतं.

मग आकडा कसा काढायचा? सुरुवात सूत्रापासून करावी. १९९०चं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र हाताशी आहे: वजनाची दसपट, अधिक सेंटिमीटरमधल्या उंचीची सव्वासहापट, उणे वयाची पाचपट, पुरुषांसाठी त्यात ५ मिळवायचे, स्त्रियांसाठी १६१ वजा करायचे. ४५ वर्षांचा, ७२ किलोचा, १६८ सेंटिमीटर उंचीचा आणि हिंजवडीत दिवसभर खुर्चीवर बसणारा गृहस्थ घेऊ. विश्रांतीतला खर्च १,५५० कॅलरी येतो. बैठ्या दिनक्रमासाठी त्याला १.४ने गुणलं, की साधारण २,१७०. त्यातून १५ ते २० टक्के कमी केले की उरतात १,७५० ते १,८५०. इथून आरंभ करायचा. पाश्चात्त्य शरीरांवरून बांधलेली अशी सूत्रं भारतीयांचा खर्च बऱ्याचदा थोडा जास्तच दाखवतात, म्हणून हा आकडा अंदाजापुरता धरावा.

ही तूट पाहून लोक नाराज होतात. किलोभर चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे रोजच्या ३५०-४०० कॅलरींच्या तुटीने आठवड्याला जेमतेम ३५० ग्रॅम चरबी जाणार. त्यापेक्षा ‘हजार कॅलरींवर राहते, पहिल्याच आठवड्यात दोन किलो गेले’ हे ऐकायला गोड वाटतं. पण त्या दोन किलोंत बहुतेक पाणी असतं. शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी राहतं, साठा रिकामा झाला की तेही निघून जातं. मोठी तूट लांबली की शरीर स्नायूंतली प्रथिनं मोडून साखर बनवतं आणि नकळत हालचालही कमी करतं. आठवड्याला वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास घट मला पुरेशी वाटते. एका टक्क्याच्या वर मी कुणाला जाऊ देत नाही.

तूट माफक ठेवली तरी स्नायू आपोआप वाचत नाहीत. त्यांना प्रथिनं लागतात आणि कामही लागतं. राष्ट्रीय पोषण संस्थेची (आयसीएमआर-एनआयएन) सर्वसाधारण शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. चरबी उतरवताना मी १.२ ते १.६ ग्रॅम सांगते. वरच्या गृहस्थासाठी ते ८६ ते ११५ ग्रॅम होतात. आपलं शाकाहारी ताट तिथे सहज पोहोचत नाही: सहा पोळ्या, दोन वाट्या वरण, वाटीभर उसळ, भात आणि दही धरून माझा हिशेब पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास थांबतो. म्हणून दोन पोळ्या कमी करून दुसरी वाटी उसळीची, ३० ग्रॅम सोयाबीन वड्या (त्यातून साधारण १५ ग्रॅम), १०० ग्रॅम पनीर (सुमारे १८ ग्रॅम) किंवा अंडी, असा बदल करावा. अंड्यामागे ६ ग्रॅम मिळतात. शेंगदाण्यांत १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम प्रथिनं खरी, पण सोबत साडेपाचशेच्या वर कॅलरीही येतात. चतुर्थीच्या साबुदाण्यात तर प्रथिनं जवळजवळ नसतातच. उपवास करणाऱ्याने दूध, ताक, पनीर यांचा आधार घ्यावा.

हिशेब हमखास चुकतो तो तेलात. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर तेल जातं, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी. आखलेली सगळी तूट फोडणीतच भरून निघते. पोळ्या मोजणाऱ्याने आधी तेल चमच्याने मोजावं.

कामाचं म्हणाल, तर पुणेकर चालतो भरपूर. तळजाई, वेताळ टेकडी, पर्वती, रविवारी सिंहगड. हृदयासाठी हे उत्तमच. पण दंड, पाठ, छाती यांना ओझं मिळत नाही, आणि गडावरच्या भजी-पिठल्यात चढणीचा खर्च भरून निघतो. पेठांमधल्या तालमींनी ज्या जोर-बैठका घडवल्या, त्या आजही उपयोगी आहेत. आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर, बैठका किंवा वजनं, आणि दर काही दिवसांनी भार किंवा संख्या थोडी वाढवत नेणं. स्नायू गरजेचे आहेत हे शरीराला त्यातूनच कळतं.

तीन-चार आठवड्यांनंतर तुमचं स्वतःचं शरीर सूत्रापेक्षा नेमकं उत्तर देतं. रोज सकाळी वजन करा, पण तुलना आठवड्याच्या सरासरीची करा. बेंबीच्या पातळीवर टेपने कंबर मोजा. पुरुषांनी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत असावं. स्त्रियांनी पाळीच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी तुलना करावी, कारण त्या काळात शरीरातलं पाणी वरखाली होतं. कंबर उतरते आहे आणि बैठकांची संख्या टिकली आहे, तर आकडा बरोबर आहे. वजन भराभर घसरतंय, ताकद कमी होतेय, झोप बिघडतेय, तर १५०-२०० कॅलरी वाढवा. तेल मोजूनही काहीच हललं नाही, तर १५० कमी करा. चार-पाच किलो उतरले की गणित पुन्हा मांडा, कारण हलक्या शरीराचा खर्चही कमी असतो.

गरोदर आणि स्तनदा मातांनी यातलं काही करू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच पाऊल उचलावं.

बेसनाचा एक मध्यम लाडू साधारण २०० कॅलरींचा असतो. दिवाळीच्या चार दिवसांत तो आनंदाने खा, त्याने कुणाची तब्येत बिघडत नाही. भाऊबीज झाली की एक टेप, तेलाचा एक चमचा आणि एक वही घेऊन सुरुवात करा. दोन महिन्यांत दहा किलोंचं वचन देणाऱ्याकडे जाऊ नका. सहा महिन्यांत कंबर उतरावी आणि पर्वती चढताना पाय पूर्वीपेक्षा भक्कम वाटावेत, एवढंच ध्येय ठेवा. तुमचा योग्य आकडा तोच असेल.